कोंबडीचे आकडे

रस्त्यावरची माणसं मोजणं हेसुद्धा कुणाचं तरी काम असतं असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग गाड्या कोण मोजतं?" मोजणीबाईला या प्रश्नाची एकोणीस वर्षांची सवय होती. गाड्या यंत्र मोजतं. रस्त्यावर काळी रबरी नळी आडवी टाकली की झालं. माणसं मात्र माणसालाच मोजावी लागतात, कारण माणूस नळीवर पाय देत नाही, ती चुकवून जातो.

काम सांगायला सोपं. सकाळी सात ते संध्याकाळी सात रस्त्याकडेला स्टूल टाकून बसायचं. मांडीवर फळी, फळीला चिमट्यानं लावलेला छापील कागद, हातात पेन्सिल. एखादा माणूस रस्ता ओलांडून पलीकडे पोचला की एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. दर पंधरा मिनिटांना नवा चौकोन. डबा उघडायचा तोही मांडीवर, आणि घास तोंडात जाताना डोळे रस्त्यावर.

तिचा एक नेम होता. रोज पेन्सिल उचलण्याआधी ती क्षणभर डोळे मिटायची आणि मनाशी म्हणायची, 'डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहीन.' तापात बसली तेव्हाही म्हटलं, वडील गेले त्याच्या चौदाव्या दिवशी कामावर आली तेव्हाही म्हटलं. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी विचारणारंही नव्हतं. एकोणीस वर्षांत एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि नेमाचा अभिमान फार चिवट असतो. बाकीचे अभिमान माणूस वयाबरोबर उतरवून ठेवतो, हा तेवढा अंगाला चिकटून राहतो.

तिच्या जोडीला जे गृहस्थ होते त्यांना सगळे कोंबडेबुवा म्हणत. वय पंचावन्न, चष्मा दोरीनं गळ्यात, स्टुलावर बसायला घरून आणलेली उशी. खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. कोंबडेबुवा हे नाव पडलं मोबाइलवरच्या खेळावरून. खेळ असा: एक चौकोनी कोंबडी. बोट टेकवलं की पुढे एक उडी. पुढे रस्ता, रस्त्यावर गाड्या, मग गवताची पट्टी, मग पुन्हा रस्ता, मधेच रेल्वेचे रूळ, मधेच नदी आणि तिच्यात वाहणारे ओंडके. पुढच्या प्रत्येक उडीला कोपऱ्यातला आकडा एकानं वाढतो. बाजूला सरकलात किंवा मागे आलात तर काही नाही. गाडीखाली आली की कोंबडी कागदासारखी चपटी होते, आणि फार वेळ एका जागी उभी राहिली तर वरून घार येऊन तिला उचलून नेते.

"पण ही जाते कुठे?" मोजणीबाईनं एकदा विचारलं होतं.

"कुठे म्हणजे? पलीकडे."

"पलीकडे काय आहे?"

"आणखी एक रस्ता." कोंबडेबुवांनी मान वर न करता सांगितलं. "संसारासारखंच आहे, ताई. फक्त इथे मेलं की लगेच दुसरी कोंबडी मिळते."

मोजणीबाई आईबरोबर राहायची. दुसरा मजला, दीड खोली, गॅलरी रस्त्यावर. समोर, रस्त्यापलीकडे, तळमजल्यावर मावशीचं घर. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, दोन वर्षांचं अंतर, आणि त्या दोन वर्षांवरून अजून भांडण. रस्ता अरुंद होता तेव्हा दोघींच्या दिवसातून चार फेऱ्या व्हायच्या. कधी वाटीभर साखर, कधी सुईत दोरा ओवून घ्यायला, कधी नुसतंच "तुझ्याकडे पाणी आलं का गं?" असं विचारायला. एका घरात राहायचं मात्र कधी कोणी काढलं नाही. तिसऱ्या दिवशी भांडी वाजतील हे दोघींनाही ठाऊक होतं.

मग रस्ता रुंद झाला. इकडून तीन गाड्या, तिकडून तीन गाड्या, मधे कंबरेएवढी भिंत आणि त्या भिंतीला एकच फट. मोजणीबाईनं एकदा आईचा हात धरून तिला नेलं होतं. फटीपर्यंत पोचल्या. तिथे दोन्ही बाजूंनी ट्रक गेले, वाऱ्यानं आईची काठी हातातून सुटली, आणि आई मटकन खालीच बसली. वीस मिनिटं तिथे बसून होत्या दोघी, नदीत खडकावर अडकल्यासारख्या. मग आल्या तशा परत आल्या. त्यानंतर कडेला आलं की आईचे पाय उचलतच नसत. गाडीनं जायचं तर तीन किलोमीटरवरच्या वळणाला वळसा घालून यावं लागे. महिन्यातून एकदा रिक्षा करून जात. "पण साखरेच्या वाटीसाठी रिक्षा करतं का कोणी?" आई म्हणायची. "बहीण म्हणजे काय लग्नकार्य आहे, ठरवून जायला?"

कोंबडीचा खेळ आईच्या मोबाइलमध्ये घातला तो कोंबडेबुवांनीच. एकदा काही कागद द्यायला घरी आले, चहा घेता घेता त्यांनी तो आईला दाखवला आणि आईनं त्यांचा चष्मा मागून घेतला. आठवड्याभरात मावशीकडेही तो पोचला. मग दुपारी दोघी फोन लावून, बोलणं मोठ्यानं ऐकू येईल असं करून, एका वेळी एकीनं खेळायचं असं सुरू झालं.

"मेली, बघूनसुद्धा चालत नाही!" आईचा आवाज जिन्यापर्यंत यायचा.

"तुझी कोंबडी तुझ्यावरच गेलीय. गुडघे धरून बसली असेल."

"तू नको शिकवू. किती झाले तुझे?"

"एकशे सदतीस."

"खोटं!"

"अगं, ट्रक गेला की त्याच्या पाठोपाठ निघायचं. आपण बाजाराचा रस्ता कसा ओलांडायचो? तसंच. गाडी येते तिकडे बघायचं नाही, गेली तिकडे बघायचं."

आईनं एक वही केली. डावीकडे स्वतःचे आकडे, उजवीकडे बहिणीचे. मोजणीबाई कामावरून यायची तेव्हा आई विचारायची, "तुझी आज किती ओलांडली?" ती सांगायची, "चारशे सोळा." आई म्हणायची, "माझी पाचशे. घरात बसून." आणि हसायची. ते हसू मोजणीबाईला फारसं आवडत नसे, पण म्हातारीला विरंगुळा आहे म्हणून ती ते चालवून घेई.

पावसाळा संपता संपता मावशी मोरीत घसरून पडली. मोडलं काही नाही, पण दोन तास तशीच पडून होती. आई गॅलरीतून फोनवर फोन करत होती आणि समोरचं दार बंद दिसत होतं. शेवटी मोजणीबाईलाच कामावरून बोलावून घेतलं. मावशीचा मुलगा दूरच्या गावी नोकरीला होता, तो आला आणि म्हणाला, "आईला घेऊन जातो." मावशी म्हणाली, "मी मरेन तिकडे. कोणाशी बोलू?" मुलगा वाईट नव्हता. तो मोजणीबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, इथे रोज कोणी येऊन-जाऊन असतं तर मी हलवलं नसतं. तुम्हाला रस्ता ओलांडायला सिग्नल होणार म्हणत होते ना? झाला आणि तुमची आई रोज इकडे यायला लागली तर राहू दे. मी तीन महिने बघतो."

सिग्नलचं खोटं नव्हतं. त्याच महिन्यात खात्याकडून पत्र आलं होतं. या रस्त्यावर पाच ठिकाणी मोजणी करायची, आणि जिथे तासाला दोनशेच्या वर माणसं ओलांडतात तिथे माणसांसाठी सिग्नल. मोजणीबाई साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिनं काही मागितलं. घरासमोरची जागा मला द्या. साहेबांनी दिली. कोंबडेबुवांना गोदामांच्या भिंतीची जागा मिळाली, तीन किलोमीटर पुढे, वळणाच्या अलीकडे. एका बाजूला लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला रिकामं मैदान. तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नसे.

मोजणीच्या आदल्या दिवशी कोंबडेबुवा कोरे कागद द्यायला घरी आले.

"काय बुवा, उद्या दिवसभर भिंत बघणार?" आईनं विचारलं.

"भिंत कशाला बघू? कोंबडी आहे की."

"आणि कागद?"

कोंबडेबुवांनी एकदा मोजणीबाईकडे पाहिलं, मग घरचीच माणसं समजून सांगून टाकलं. साहेब पन्नास, शंभर, दीडशे असे गोल आकडे दिसले की लाल पेन्सिलीनं वर्तुळ करतात. 'देव कधी गोल आकड्यांत माणसं पाठवत नाही,' असं त्यांचं म्हणणं. मनानं लिहायला गेलं की हात गोल आकड्यांकडेच वळतो, आणि माणूस पकडला जातो. "म्हणून मी काय करतो, पंधरा मिनिटांत एक डाव खेळतो. कोंबडी जिथे मेली तो आकडा चौकोनात. एकाहत्तर, मग अठरा, मग त्र्याण्णव. कसे ओबडधोबड, अगदी देवानं पाठवल्यासारखे! आठ वर्षं झाली, एक वर्तुळ नाही."

आई पदर तोंडाला लावून हसली. मोजणीबाई हसली नाही.

"भाऊ, हे पाप आहे."

"ताई, आठ वर्षांत त्या कागदांवरून कुठे एक खांब तरी उभा राहिलाय का? कपाटात जातात ते. कपाटाला कसलं पाप?" आणि जाता जाता हळूच म्हणाले, "तुमच्या पानावर चालवू का कोंबडी? घरचं काम आहे."

"नको."

"बघा बुवा," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मोजणीच्या दिवशी सकाळी पावणेसातला मोजणीबाईनं घराखाली स्टूल टाकलं. डोळे मिटले, नेम म्हटला आणि पेन्सिल उचलली.

आईनं आदल्या संध्याकाळीच सगळ्या इमारतीत निरोप फिरवला होता. उद्या आपली मोजणी आहे, खाली उतरा. दहा वाजता म्हातारी माणसं मतदानाला निघाल्यासारखी चांगले कपडे घालून खाली आली. शिंपीकाका, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेल्या मास्तरीणबाई, पहिल्या मजल्यावरचं नेहमी भांडणारं जोडपं. आणि सगळ्यांच्या मागून, जिन्याला दहा मिनिटं लावून, आई. केस विंचरलेले, हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी वाटी.

"वाटी कशाला?" मोजणीबाईनं विचारलं.

"रिकाम्या हातानं कशी जाऊ? साखर मागायला चाललेय."

समोर मावशी दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनं हात हलवला. म्हातारे रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहिले. शिंपीकाका गाड्यांतली फट बघून निघाले, निम्म्यात थांबले, धावले, पोचले. एक रेघ. भांडणाऱ्या जोडप्यातला नवरा गेला, बायको राहिली. एक रेघ. मास्तरीणबाई दोन पावलं पुढे गेल्या, हॉर्न ऐकून तीन पावलं मागे आल्या, मग म्हणाल्या, "मला दळण आणायचंय," आणि घरात गेल्या. त्यांच्याकडचं दळण त्यांची सून आणते हे सगळ्यांना माहीत होतं.

आई कडेला उभी होती. एक पाऊल खाली रस्त्यावर, एक वर फुटपाथवर. पहिला चौकोन संपला, दुसरा संपला. मोजणीबाईला तिची पाठ दिसत होती आणि काठीवरची मूठ दिसत होती. ट्रक गेला की आई त्याच्या पाठोपाठ बघायची, गेलेल्या बाजूला, मावशीनं शिकवलं तसं. पण ट्रकामागे ट्रक होता. पलीकडून मावशी ओरडत होती, "चल, आता चल!" आणि लगेच, "नको, नको, थांब!" चाळीस मिनिटांनी आईनं खालचं पाऊल वर घेतलं.

ती लेकीच्या स्टुलापाशी आली. घाम पुसला आणि कागदात डोकावली.

"माझी रेघ कुठली?"

"आई, तू गेलीच नाहीस."

"मी चाळीस मिनिटं उभी होते ना?"

"उभं राहिलेलं धरत नाहीत. ओलांडलेलं धरतात."

"आणि जे परत गेले ते?"

"त्यांना रकाना नाही."

आईनं वाटी काखेत धरली आणि जिना चढायला लागली. त्या दिवशी मोजणीबाईनं आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. कागदाच्या समासात, परत फिरलेल्या प्रत्येक माणसासाठी एक बारीक ठिपका. सातपर्यंत रेघा झाल्या दोनशे एकोणसाठ. सगळ्यात गर्दीच्या तासात एकेचाळीस. ठिपके मात्र पाचशेच्या वर गेले. समासात जागा उरली नाही तेव्हा तिनं ते मागच्या बाजूला दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कागद पिशवीत ठेवत होती, तेवढ्यात आईनं तिच्यापुढे वही ठेवली. कोंबडीची वही.

"हे घे."

"हे काय?"

"माझे आहेत, मावशीचे आहेत. त्र्याऐंशी, एकशे चार, सत्तावन्न. एकसुद्धा गोल नाही. नवा कागद घे, हे उतरव, आणि दे त्या साहेबाला."

"आई, हा खेळ आहे."

"माझं दुसरं ओलांडणं कुठे उरलंय?" आईचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "मी काही कोणाच्या ताटातलं मागत नाही. तिथे एक खांब लागेल. माणसं जातील, येतील. तो मास्तरीणबाईंचा नातू शाळेत जाईल. आणि माझी बहीण माझ्या डोळ्यासमोर राहील. यात कोणाचं वाईट आहे ते तरी सांग मला."

कोणाचंच वाईट नव्हतं. कोरा कागद टेबलावरच होता, पेन्सिल टोकदार होती, आणि मेली ती रेघ ओढायला लागतं तरी काय? तिनं पेन्सिल उचलली. सवयीनं डोळे मिटले. सवयीनं ते शब्द मनात आले. आणि एकदा आल्यावर तिचा हात चालेना.

"मला जमणार नाही, आई. मी ठिपके दिलेत. साहेबांना समजावून सांगते. ते बघतील."

आईनं वही उचलली, उशीखाली ठेवली, आणि म्हणाली, "जा. उशीर होतोय तुला."

साहेबांनी कागद हातात घेतला आणि समास बघून भुवया वर केल्या. "ही काय मुंग्यांची रांग?"

"परत गेलेली माणसं आहेत, साहेब. रस्त्यापर्यंत आली, थांबली आणि परत गेली. सिग्नल नाही म्हणून ओलांडता येत नाही, आणि ओलांडत नाहीत म्हणून सिग्नल नाही, असं झालंय."

"बाई, जे नदीपर्यंत येऊन परत गेले त्यांच्यासाठी कोणी पूल बांधतं का?"

"त्यांच्यासाठीच तर बांधतात, साहेब."

उत्तर साहेबांना कळलं होतं, पण खात्याचा कागद त्यांनी छापला नव्हता. "पुसून दे," ते म्हणाले. "कागद स्वच्छ लागतो वरती." आणि खोडरबर पुढे सरकवला. तिनं पाचशेच्या वर माणसं पुसली. आईसुद्धा त्यातच होती. नंतर साहेबांनी कोंबडेबुवांचं पान वर धरलं. "हे बघ. पाऊणशे, नव्वद, चाळीस काही नाही. एकोणऐंशी, सत्तावीस, एकशे सहा! कसं जिवंत पान आहे!"

दोन महिन्यांनी सिग्नल उभा राहिला. एकच मंजूर झाला होता. गोदामांच्या भिंतीपाशी.

कोंबडेबुवांना हे कळलं तेव्हा ते खरोखरच पांढरे पडले. मोजणीबाईला गाठून म्हणाले, "ताई, आईची शपथ, मला काय माहीत ते या वेळी खरंच लावतील! आठ वर्षांत कधी लावला नाही!"

ती थेट साहेबांकडे गेली. "तिथे कोणी ओलांडत नाही, साहेब."

"तू पाहिलंस?"

"नाही, पण..."

"तू तर त्या दिवशी तुझ्या घरासमोर बसली होतीस. मग कशावरून सांगतेस?"

सांगता आलं असतं. कोंबडेबुवांनी आपल्या तोंडानं सांगितलं होतं, आई साक्षीला होती. पण पाहिलंस का, या प्रश्नाला तिच्याकडे एकच खरं उत्तर होतं, आणि ऐकीव गोष्टीवर उतारवयातल्या माणसाची भाकरी काढून घ्यायची तिची हिंमत झाली नाही. ती परत येऊन आपल्या स्टुलावर बसली. कोंबडेबुवा लांबून बघत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यानंतर त्यांना भाऊ म्हणून हाकही मारली नाही.

तीन महिने संपले आणि मावशीचा मुलगा रविवारी गाडी घेऊन आला. बाराला निघायचं ठरलं. आईनं सकाळपासून तयारी केली होती. एक डबा, एक शाल आणि बहिणीसाठी चष्म्याचं नवं घर. अकराला दोघी खाली उतरल्या आणि रिक्षा मिळायलाच वीस मिनिटं गेली. एवढ्या जवळ जायचं म्हटल्यावर कोणी थांबेना.

"समोर तर आहे घर," तिसरा रिक्षावाला म्हणाला. "चालत जा की!"

"तू ने चालत," आई म्हणाली. "तुझ्या आईला नेतोस तशी."

तो ओशाळला आणि बसा म्हणाला.

गोदामांच्या भिंतीपासून अर्धा किलोमीटर अलीकडेच गाड्या थांबलेल्या होत्या. पूर्वी इथे रिक्षा वाऱ्यासारखी जायची. आता ट्रकांची रांग पावला-पावलानं सरकत होती. रिक्षावाल्यानं कपाळाला हात लावला. "नवा सिग्नल झालाय, आजी. कोणी नसलं तरी लागतो. दर दीड मिनिटानं."

पाऊण तासानं रिक्षा सगळ्यात पुढे आली तेव्हा पुन्हा लाल झाला. समोर पांढरे, कोरे करकरीत पट्टे होते. त्यांच्यावर टायरची काय ती धूळ. पाऊल एकही उमटलेलं नव्हतं. खांबावर हिरवा माणूस चालायला लागला. डावीकडे भिंत, उजवीकडे मैदान. सहा रांगांतल्या गाड्या गुरगुरत उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढून कोणीही जात नव्हतं.

आई पुढे वाकून बघत होती. "इथे कोण ओलांडतं गं?"

मोजणीबाई पिशवीचे बंद सारखे करायला लागली.

"विचारतेय मी."

"कोणी नाही, आई."

"मग हा कोणासाठी चालतोय?"

हिरवा माणूस लाल होऊन थांबेपर्यंत आईचा फोन दोनदा वाजला. मावशीचा होता. दुसऱ्या वेळी आई फक्त एवढंच म्हणाली, "येतेय गं, येतेय. त्याला म्हण, पाच मिनिटं थांब." तिकडून मुलाचा आवाज आला, दिवेलागणीच्या आत घाट उतरायचाय. मग मावशीचा आवाज, रडवा आणि रागावलेला, "ये ना लवकर!" लहानपणी खेळायला बोलावताना निघत असेल तसा.

त्या पोचल्या तेव्हा मावशीच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली. "आत्ता गेले. पंधरा मिनिटं नाही झाली. बराच वेळ थांबल्या हो त्या गाडीत बसून, मुलगा हॉर्न वाजवत होता तरी."

आईनं कुलूप हातात धरून पाहिलं, बरोबर लागलंय का बघावं तसं. मग पायरीवर बसली. समोर, सहा रांगांपलीकडे, त्यांची स्वतःची गॅलरी दिसत होती. दोरीवर मोजणीबाईचा टॉवेल वाळत होता. आई बराच वेळ तिकडे बघत राहिली. चाळीस वर्षं मावशीला आपलं घर इथून कसं दिसत होतं, ते जणू ती आज पाहत होती.

"आई, मी चुकले का?" मोजणीबाईनं विचारलं. तिला वाटलं होतं, आई रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चुकली नाहीस," आई म्हणाली. "तू खरंच लिहिलंस. तुझ्या देवाला तू तोंड दाखवू शकशील. मी माझ्या बहिणीला नाही दाखवू शकले, एवढंच."

"साहेबांना पुन्हा अर्ज करते. पुढच्या वर्षी मोजणी असते."

"कशाला? आता मला कुठे जायचंय?"

रिक्षावाला लांबून विचारत होता, परत जायचं का. मोजणीबाईनं आईला उठवायला हात पुढे केला. आईनं काठी टेकली, भिंतीचा आधार घेतला आणि आपली आपण उठली. डबा तिनं शेजारणीच्या हातात दिला, "खाऊन टाका, खराब होईल." फोन पुन्हा वाजला. मावशीच होती. आईनं तो वाजू दिला, थांबेपर्यंत. उचलला असता तर रडली असती, आणि लेकीसमोर तिला रडायचं नव्हतं.

रिक्षात ती आधी चढली आणि पार आतल्या कडेला सरकली. शाल आणि चष्म्याचं घर पिशवीत होतं. ती पिशवी तिनं मांडीवर घेतली नाही, सीटवर ठेवली, दोघींच्या मधे.